गंगाथडीची पर्वणी

नाशिकच्या रामकुंडावरून निघालेलं पाणी नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून पुढे येतं आणि कोपरगाव तालुक्यात नगर जिल्ह्याला लागतं. पुढे पुणतांबा, मग श्रीरामपूर तालुक्यातली काठावरची गावं, नेवासे तालुक्यात टोक्याला प्रवरेची भेट आणि शेवगावच्या बाजूला जायकवाडीचा फुगवटा. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. या पट्ट्याचं गंगाथडी हे नाव मात्र त्याहून कितीतरी जुनं. इथल्या बोलण्यात गोदावरी क्वचितच येते. ‘गंगेला पाणी आलं’, ‘दहावा गंगेवर आहे’ असंच म्हणतात.

म्हणजे गंगा दारात आहे. तरी बारा वर्षांनी सिंहस्थ लागला की याच गंगाथडीची माणसं गाठोडी बांधून एसटीनं, जीपनं, नाही तर गावकीनं ठरवलेल्या टेम्पोनं नाशिककडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेला निघतात. कोपरगावापासून नाशिक नव्वद-शंभर किलोमीटर. तिथे पोचल्यावर बॅरिकेडमधून पायपीट, पोलिसांच्या शिट्ट्या, आणि घोट्याएवढ्या पाण्यात कशीबशी मारलेली एक बुडी. जे पाणी दोन-तीन दिवसांत आपल्याच गावाखालून जाणार, त्यासाठी एवढा आटापिटा का, हा प्रश्न नास्तिकाचा वाटेल. पण तो शास्त्र मानणाऱ्यानंही विचारावा असा आहे, कारण शास्त्राचं उत्तर गर्दीच्या बाजूचं नाही.

आधी वेळेचं बघू. पर्वणीचं घड्याळ म्हणजे गुरू ग्रह. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला सुमारे ११.८६ वर्षं लागतात, म्हणून बारा राशींपैकी प्रत्येक राशीत तो ढोबळमानानं वर्षभर असतो. तो सिंहेत असताना गोदावरीचा सिंहस्थ, कन्येत गेला की कृष्णेचा कन्यागत. म्हणूनच २०१५ साली नाशकात गर्दी झाली आणि पाठोपाठ २०१६ साली वाई आणि नरसोबाच्या वाडीचे घाट भरले. बारा वर्षं हा आकडा बोलायला सोयीचा आहे. फेरी पुरी बारा वर्षांची नसल्यामुळे उरलेला फरक साठत जातो आणि कधीतरी मेळा अकराव्या वर्षीच येतो. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ मध्ये झाला तो याच हिशेबानं.

या वेळचा सिंहस्थ तर आणखी वेगळा आहे. गुरू ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहेत शिरतो, त्या दिवशी ध्वजारोहण. मग तो वक्री होतो आणि जानेवारी २०२७ च्या अखेरीला पुन्हा कर्केत मागे जातो. जूनच्या अखेरीला परत सिंहेत. नोव्हेंबरात कन्येत पाऊल टाकतो, पुन्हा मागे फिरतो, आणि २४ जुलै २०२८ ला सिंह कायमची सोडतो. ग्रह खरोखर मागे जात नाही. पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगानं त्याला मागे टाकते तेव्हा आपल्याला तो उलट चालल्यासारखा दिसतो. पण पंचांग दिसण्यावर चालतं, आणि म्हणून हा सिंहस्थ तीन तुकड्यांचा, त्रिखंडी, झाला आहे. जवळपास पावणेदोन वर्षं पसरलेला पर्वकाळ! एवढा ऐसपैस मुहूर्त असताना सगळ्यांनी एकाच सकाळी एकाच कुंडावर जमायचं कारण निदान आकाशात तरी सापडत नाही.

जागेचंही तसंच. परंपरा सांगते की गुरू सिंहेत असताना सगळी तीर्थं गोदावरीला येऊन राहतात. गोदावरीला, म्हणजे त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून आंध्रात समुद्राला मिळेपर्यंतच्या सुमारे १,४६५ किलोमीटरच्या नदीला. तेलुगू मुलखात तर हे सरळसरळ मानलं जातं. तिथे गुरू सिंहेत शिरला की बारा दिवस गोदावरी पुष्करम् चालतं आणि नदीकाठच्या गावागावांत घाटांवर स्नानं होतात. १४ जुलै २०१५ ला नाशकात ध्वज चढला, त्याच दिवशी राजमहेंद्रीत पुष्करम् सुरू झालं. नदी एक, ग्रह एक, दिवसही एक. २०२७ मध्ये तेलुगू पंचांगकर्त्यांनी गुरूचा दुसरा प्रवेश धरला आहे, त्यामुळे त्यांचं पुष्करम् २६ जूनला लागेल.

धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत तर नदीच्या दोन काठांनाही वेगळे नियम आहेत. सिंहस्थात लग्नकार्य वर्ज्य, ते गोदावरीच्या उत्तर तीरापासून भागीरथीपर्यंतच्या प्रदेशात. नगर जिल्ह्याचा बहुतेक भाग दक्षिण तीरावर, म्हणून सुटला. कोपरगावच्या बेटातल्या शुक्राचार्यांच्या देवळात तर लग्नाला मुहूर्तच लागत नाही असं तिथले लोक अभिमानानं सांगतात.

मग रामकुंडच का? नाशिकला रामकथेचं वलय आहे, हे पहिलं कारण. दुसरं कारण आखाडे. साधूंच्या मिरवणुकीनं त्यांच्या स्नानाला ठरलेली वेळ, ठरलेला क्रम आणि ठरलेलं कुंड मिळतं, आणि त्या क्रमासाठी पूर्वी रक्त सांडलेलं आहे. शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यातला मानाचा तंटा पेशवाईत एवढा विकोपाला गेला की शेवटी दोघांची ठिकाणंच वेगळी केली गेली. शैवांनी त्र्यंबकच्या कुशावर्तावर न्हायचं, वैष्णवांनी नाशिकच्या रामकुंडावर. आजही तसंच चालतं. म्हणजे शाही स्नानाची तारीख (आता अमृतस्नान म्हणतात) मुळात आखाड्यांची आहे. संसारी माणसाला त्या तारखेची अट कुणी घातलेली नाही. तो साधूंच्या मागे जातो कारण त्या दिवशी पाण्यात जास्त पुण्य असतं असं त्याच्या मनानं घेतलंय, आणि अलीकडे सरकारी जाहिरातीही तेच सांगतात.

गंगाथडीच्या माणसाला अमृत शोधायला बाहेर जायची गरज कशी नाही, हे सांगणाऱ्या कथा तर जिल्ह्यात पायलीला पन्नास. कुंभाची कथा म्हणते की समुद्रमंथनातून निघालेल्या अमृताचे थेंब चार जागी सांडले: प्रयाग, हरिद्वार, उज्जैन आणि नाशिक. नेवाशाची कथा याच्या पुढची. अमृत वाटलं गेलं ते प्रवरेच्या काठी, नेवाशात, असं तिथे मानतात. विष्णूनं मोहिनीचं रूप घेतलं, पंगत बसवली, देवांच्या रांगेत घुसलेल्या राहूला ओळखलं आणि त्याचं मुंडकं उडवलं. ते पडलं राहुरीला. नेवाशात मोहिनीराजाचं देऊळ आहे, गावाचं ग्रामदैवतच ते. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात ते यामुळेच. ही नदी अकोले तालुक्यात रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडीजवळ उगम पावते आणि तिथल्या शिवाचं नावही अमृतेश्वर. याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबाला टेकून सांगितली तो पैस अजून दाखवतात.

आणि कोपरगाव? तिथे दुसऱ्या पक्षाची कथा. देवांकडे अमृत होतं तसं असुरांच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे, मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या होती. ती शिकायला कच आला, देवयानी त्याच्यावर भाळली, हे सगळं कोपरगावच्या बेटात घडलं असं मानतात. देवांचं अमृत नेवाशात आणि दैत्यांची संजीवनी कोपरगावात, असा दोन्ही पक्षांचा माल एकाच जिल्ह्यात. इतिहास तपासणारा यावर हसेल. तसं पाहिलं तर कुंभाची चार थेंबांची कथाही आज सांगतात त्या रूपात फार जुनी नाही, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. गुरूच्या राशीवर ठरणारे नाशिक-हरिद्वारचे मेळे जुने. त्यांना एका सूत्रात ओवणं मागाहूनचं. मला यात खटकण्यासारखं काही वाटत नाही. प्रत्येक काठानं आपल्या पाण्याला मोठं करावं, हेच तर तीर्थ या कल्पनेचं मूळ काम आहे.

कथेनं माणूस काठापर्यंत येतो. पाण्यात सुखरूप उतरायला त्याला घाट लागतो. दख्खनच्या नद्यांचं वागणं विचित्र असतं. श्रावणात पाणी काठोकाठ, मार्गशीर्षात मध्यावर आणि चैत्रात तळाशी डबकी. नुसता मातीचा काठ असेल तर भरल्या पाण्यात पाय कुठे पडेल याचा नेम नाही. दहा माणसं एका जागी उतरली की चिखल होतो, अकरावा घसरतो. दगडी पायऱ्यांनी हा प्रश्न सोडवला. पाणी कुठल्याही पातळीला असो, त्या पातळीला एक पायरी असतेच, आणि घाट जेवढा लांब तेवढी माणसं शेजारी शेजारी उभी राहू शकतात. गर्दीला खोल न नेता आडवी पसरवणारी ही रचना आहे.

ज्या बाईनं ही रचना देशभर उभी केली ती याच जिल्ह्याची. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. काशीपासून महेश्वरपर्यंत त्यांनी बांधलेले घाट सगळ्यांना माहीत असतात. पुणतांब्यात गोदावरीवर उतरणारा त्यांचा घाट मात्र जिल्ह्याबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. पुणतांबं म्हटलं की लोकांना चांगदेवांची समाधी आठवते, आणि २०१७ साली शेतकऱ्यांच्या संपाची ठिणगी पडलेलं गाव म्हणून ते पेपरात आलं, तेवढंच. पण त्या पायऱ्यांवर उभं राहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. अठराव्या शतकात इथे एवढा खर्च केला गेला, तो इथे पर्वणीला लोक जमत होते म्हणूनच. अहिल्याबाईंचा हिशेब सरळ दिसतो. सगळ्यांना काशीला नेता येत नाही, तर जिथे माणसं आहेत तिथे पायऱ्या बांधा.

टोक्याचं दृश्य आणखी देखणं. प्रवरा गोदावरीला मिळते तिथे काठावर सिद्धेश्वराचं देऊळ, पेशवाईतल्या कोरीव कामाचं, आणि पलीकडे संभाजीनगर जिल्ह्यातलं कायगाव. पुणे-संभाजीनगर रस्त्याच्या पुलावरून रोज हजारो गाड्या हा संगम ओलांडतात. दशक्रिया, अस्थिविसर्जन, सोमवती, ग्रहण या निमित्तांनी इथे वर्षभर माणूस असतोच. १९७० च्या दशकात पैठणला जायकवाडी धरण झालं आणि त्याच्या जलाशयाचा, नाथसागराचा, फुगवटा इथवर येऊ लागला. धरण भरलेलं असलं की दोन नद्या कुठे भेटतात ते डोळ्यांना कळत नाही. सगळीकडे एकच रुंद, संथ पाणी. दिसायला शांत, उतरायला मात्र धोक्याचं, कारण गाळाखाली किती खोली आहे हे वरून समजत नाही.

ज्यांना स्नानाला जाणं होत नाही त्यांच्यासाठी पाणीच देवाकडे जातं. रामनवमीला शिर्डीत कावडी येतात त्या कोपरगावहून गोदावरीचं पाणी घेऊन. माणसांना एका जागी न बोलावता पाणीच चहूकडे न्यायचं, हा पर्वणीच्या गर्दीवरचा सगळ्यात जुना आणि बिनधोक तोडगा म्हणायला हवा.

कारण गर्दीनं माणसं मरतात, आणि ती कशी मरतात याबद्दल बऱ्याच जणांचा समज चुकीचा असतो. लोक घाबरून पळतात, पडतात, तुडवले जातात, असं चित्र आपण रंगवतो. पुष्कळ वेळा पळायला जागाच नसते. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असतील तोवर चालता येतं. सहा-सातच्या पुढे गेलं की आपले पाय आपले राहत नाहीत. मागचा एक धक्का माणसामाणसांतून पुढे सरकतो आणि लाटेसारखा वाढत जातो. छातीवर चहूबाजूंनी दाब येतो, श्वास आत घ्यायला बरगड्या फुगत नाहीत, आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून ते ढकलत राहतात. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो.

२७ ऑगस्ट २००३ ला नाशकात हेच घडलं. रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर शाही स्नानाच्या दिवशी ३९ भाविक गेले. राजमहेंद्रीत २०१५ च्या पुष्करम्‌च्या पहिल्याच सकाळी, एका घाटावर, पंचवीसहून अधिक. नदीला कितीतरी घाट असताना त्या एका घाटावर सगळे लोटले होते. प्रयागला २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे, मौनी अमावास्येला, सरकारी आकड्याप्रमाणे ३०. आणि नदी नसतानाही, २००५ च्या जानेवारीत वाईजवळ मांढरदेवीच्या डोंगरावर जवळपास तीनशे. यांत समान धागा एकच दिसतो: अरुंद किंवा उताराची वाट, एक ठरलेली घटका, आणि येणारे-जाणारे एकमेकांसमोर.

यावर प्रशासनाचं उत्तर बॅरिकेड. २०१५ च्या नाशकात ते इतक्या जोरात अमलात आलं की पहिल्या शाही स्नानाला भाविकांना मैलोनमैल चालावं लागलं, आणि अपेक्षेपेक्षा गर्दी कमी झाली म्हणून व्यापाऱ्यांनी बोंब मारली. चेंगराचेंगरी झाली नाही, हे मात्र खरं, आणि मी तरी ते बॅरिकेडच्या पदरात घालीन. गर्दीत सापडलात तर करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण लक्षात ठेवाव्यात. दोन्ही हात छातीपुढे धरून श्वासापुरती जागा राखायची. लोंढ्याविरुद्ध जोर लावायचा नाही. दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी तिरपं सरकत कडेला यायचं. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकायचं नाही, मग ती चप्पल असो की मोबाइल. भिंत आणि लोखंडी कठडा यांच्याजवळ थांबायचं नाही. म्हाताऱ्या आईला खांद्याला धरून नेण्यापेक्षा तिला त्या दिवशी नेऊच नये.

आता पाण्याकडे. सिंहस्थाची मुख्य स्नानं पावसाळ्यात येतात, म्हणून नदी वाहती असायला हवी. २०१५ चं वर्ष दुष्काळी होतं. गंगापूर धरणातून स्नानासाठी पाणी सोडण्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. मराठवाड्यात टँकर फिरत असताना कुंडात सोडायला पाणी कुठून आलं, असा तो प्रश्न होता. नगर जिल्ह्याला ही भांडणं परकी नाहीत. भंडारदरा आणि मुळा धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की राहुरी-श्रीरामपुरापासून नेवाशापर्यंत पाणीवाटपातला ‘समन्यायी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला नदीतून फुकट चाललेलं पाणी बघवत नाही. पात्र मात्र त्याच पाण्यानं न्हातं. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी वरून खाली येताना कोपरगाव, पुणतांबं, टोकं या सगळ्या घाटांना स्पर्श करत जातं.

त्याबरोबर नाशिकचं सांडपाणीही येतं, हे झाकण्यात अर्थ नाही. आंघोळीच्या पाण्याचा सरकारी निकष आहे: जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत, आणि विष्ठेतले जिवाणू १०० मिलिलिटरला फार तर २,५००. मोठ्या शहराखालच्या पट्ट्यात कमी पाण्याच्या दिवसांत हा निकष पाळणं कठीण असतं. भर पावसाळ्यात पुराचं पाणी घाण पातळ करतं, पण गढूळ करतं. नाक-तोंड मिटून एक बुडी आणि घरी आल्यावर स्वच्छ पाण्यानं आंघोळ, यानं पुण्य उणावत असल्याचं कुठल्याही ग्रंथात म्हटलेलं नाही. ओंजळभर पाणी प्यायचा मोह तेवढा टाळावा.

२०२७ च्या तारखा जाहीर आहेत. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्टला. त्या दिवशी सोमवार आहे आणि आषाढ अमावास्या, म्हणजे सोमवती, त्यात सूर्यग्रहण. ते खग्रास दिसेल ते स्पेन आणि उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तानापर्यंतच्या पट्ट्यात. आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास, तेही ढगांनी परवानगी दिली तर. सिंहस्थ, सोमवती आणि ग्रहण, यातलं एकेक निमित्तसुद्धा घाट भरायला पुरतं. समृद्धी महामार्गावरून विदर्भातून येणारी गाडी तर नाशिकच्या आधी कोपरगाव-शिर्डीलाच लागते. तेव्हा त्या सोमवारी नाशिकचे रस्ते सोडून गर्दी कुठे वळवायची याचा विचार कुणी केलाच, तर पुणतांब्याच्या पायऱ्या, कोपरगावचं बेट आणि टोक्याचा संगम यांची डागडुजी, दोर, नावाडी, जीवरक्षक आणि संडास यांची सोय आधी लागेल. पावसाळ्याच्या त्या टप्प्यावर जायकवाडी किती भरलंय त्यावर टोक्याच्या किती पायऱ्या पाण्याखाली असतील ते ठरेल.

दुसरं स्नान ३१ ऑगस्टला, श्रावणातल्या अमावास्येला. त्या दिवशी पोळा आहे. गंगाथडीचा शेतकरी त्या सकाळी नाशिकला जाणं कठीणच. त्याला बैल न्हाऊ घालायचे असतात, शिंगं रंगवायची असतात, आणि बैल धुवायला तो नदीवरच येतो. तिसरं स्नान नाशिकला ११ सप्टेंबरला, त्र्यंबकला १२ ला. त्यानंतर गुरू सिंहेत आत-बाहेर करत जुलै २०२८ पर्यंत राहणारच आहे.